दरडींचे दप्तर : महाराष्ट्रातील भूस्खलनांच्या नोंदी आणि राष्ट्रीय माहितीसंचाची उभारणी – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
भूस्खलन हा विषय सामान्यतः भूगोल व भूशास्त्र यांच्या कक्षेत येतो असे मानले जाते. परंतु आपत्ती व्यवस्थापनासाठी भूस्खलनांचा राष्ट्रीय माहितीसंच उभारताना मूळ प्रश्न 'काय घडले, कोठे घडले, केव्हा घडले आणि ते कोणी नोंदविले' असा असतो आणि हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात महाराष्ट्रातील दरडींच्या नोंदींचे स्वरूप, त्यांतील उणिवा, राष्ट्रीय पातळीवरील प्रयत्न आणि इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात करता येण्याजोगे कार्य यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : भूस्खलन, दरड, माहितीसंच, ऐतिहासिक साधने, आपत्ती व्यवस्थापन, माळीण, इर्शाळवाडी, पितळखोरा.

प्रास्ताविक :
दिनांक १९ जुलै २०२३ रोजी रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वस्तीवर डोंगराचा भाग कोसळला. इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या या वाडीपर्यंत वाहन जाण्याजोगा रस्ता नव्हता, त्यामुळे मदत पथकांना पावसात पायी चढून जावे लागले. शोधकार्य २३ जुलै रोजी थांबविण्यात आले, तोपर्यंत २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ व्यक्ती बेपत्ता होत्या. या दुर्घटनेनंतर शासनाच्या वतीने जी माहिती देण्यात आली, तीत एक वाक्य विशेष लक्षात राहणारे होते. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचा समावेश नव्हता, असे ते वाक्य होते.

यादी होती, पण वाडी यादीत नव्हती. या एका विधानात प्रस्तुत विषयाचे गांभीर्य सामावलेले आहे. यादी कशी तयार होते, तिच्यात नाव येण्यासाठी काय घडावे लागते आणि कोणाचे नाव सहसा सुटते, हे प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतात. प्रत्यक्षात ते साधनांच्या चिकित्सेचे प्रश्न आहेत. ज्या दप्तरात पूर्वीची नोंद नाही, त्या दप्तराच्या आधारे केलेला अंदाजही त्या जागेला सुरक्षित समजतो. नोंदीचा अभाव आणि धोक्याचा अभाव यांत फरक न केल्यास त्याची किंमत माणसांना जिवानिशी मोजावी लागते.

उद्दिष्टे :
१) महाराष्ट्रातील भूस्खलनविषयक नोंदींच्या परंपरेचा आढावा घेणे.
२) राष्ट्रीय भूस्खलन माहितीसंचाच्या उभारणीचे टप्पे समजावून घेणे.
३) या माहितीसंचातील उणिवांची ऐतिहासिक कारणे शोधणे.
४) मराठवाड्यातील उदाहरणांच्या आधारे इतिहास संशोधनाचे योगदान स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. घटनांची निवड करताना ज्यांचे ठिकाण व दिनांक सर्वज्ञात आहेत अशाच घटना घेतल्या आहेत.

विषय विवेचन :

१) संज्ञा आणि भूरचना
मराठीत 'दरड' हा शब्द उंच कड्यासाठीही वापरतात आणि त्या कड्यावरून सुटून येणाऱ्या दगडमातीसाठीही. 'दरड कोसळली', 'डोंगर खचला', 'कडा सुटला', 'जमीन सरकली' असे निरनिराळे शब्दप्रयोग लोक करतात. शास्त्रीय वर्गीकरणात या शब्दांना स्वतंत्र अर्थ आहेत. अमेरिकन भूशास्त्रज्ञ डेव्हिड व्हार्न्स यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या व १९७८ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात हालचालीचा प्रकार (कोसळणे, कलंडणे, घसरणे, वाहणे इत्यादी) आणि हलणारा पदार्थ (खडक, दगडगोटे, माती) असे दोन निकष आहेत. त्यामुळे जुन्या मराठी वृत्तात 'डोंगर खचला' असे लिहिले असेल तर तेथे नेमके काय घडले, हे शब्दावरूनच नव्हे तर संदर्भावरून ठरवावे लागते.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या लाव्हाथरांनी बनलेला आहे. बसाल्टच्या कठीण थरांच्या दरम्यान काही ठिकाणी तांबूस, मऊ मातीचे थर आढळतात. बसाल्टमध्ये उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी या भेगांतून खाली उतरते आणि मऊ थरापाशी अडते. तेथे पाण्याचा दाब वाढला की वरच्या भागाचा आधार सुटतो. कोकणात व सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर झिजलेल्या खडकाचा व मातीचा जाड थर असल्याने अतिवृष्टीत तो थर पाण्यासह खाली वाहतो. मराठवाड्याच्या बाजूस अजिंठा व सातमाळा डोंगररांगांत मुख्यतः कड्यांवरून खडक सुटण्याचे प्रकार घडतात. म्हणजे एकाच राज्यात दोन भिन्न स्वरूपाच्या दरडी आहेत आणि त्यांच्या नोंदीही भिन्न मार्गांनी झाल्या आहेत.

२) जुन्या दप्तरांतील दरड
मराठी कागदपत्रांत 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द परिचित आहे. निसर्गाने केलेले नुकसान ते अस्मानी आणि राज्यकर्त्यांच्या वा लष्कराच्या हालचालींमुळे झालेले ते सुलतानी. असे नुकसान झाल्यास रयतेला साऱ्यात सूट मिळावी, ही या नोंदीमागील मुख्य प्रेरणा होती. त्यामुळे नोंद होते ती बुडालेल्या महसुलाची. पिकाखालची जमीन गेली तर तिचा उल्लेख येण्याची शक्यता असते. रानातला, गायरानातला किंवा वस्तीबाहेरचा डोंगर कोसळला तर महसुलावर परिणाम होत नाही, म्हणून दप्तरात उल्लेख येण्याचे कारणही उरत नाही.

ब्रिटिश काळात जिल्हा गॅझेटिअरांची मोठी परंपरा निर्माण झाली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये दुष्काळांची वर्षवार माहिती विस्ताराने दिलेली आहे, कारण दुष्काळ हा शासनाच्या दृष्टीने महसुलाचा व सुव्यवस्थेचा प्रश्न होता. दरडीला मात्र असे स्वतंत्र स्थान मिळाले नाही. ती आली तर घाटरस्त्याच्या, रेल्वेच्या किंवा एखाद्या किल्ल्याच्या वर्णनात आली. बोरघाटातील (१८६३) व थळघाटातील (१८६५) लोहमार्ग सुरू झाले आणि डोंगरउतारावर लक्ष ठेवणे ही रेल्वेची नित्याची जबाबदारी बनली. अर्थात त्या निरीक्षणाचा विषय मार्ग हा होता, डोंगर नव्हता.

याच काळात हिमालयातील दोन घटनांच्या नोंदी अत्यंत तपशीलवार झाल्या. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनिताल येथे दरड कोसळून १५१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. नैनिताल हे प्रांतिक सरकारचे उन्हाळी ठाणे होते आणि मृतांत युरोपियनांची संख्या लक्षणीय होती. साहजिकच समित्या नेमल्या गेल्या, उतारांची पाहणी झाली, पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जाळे बांधले गेले. दुसरी घटना गढवालमधील गोहना येथील. १८९३ मध्ये तेथे प्रचंड दरड कोसळून बिरही गंगेचा प्रवाह अडला व मोठे सरोवर तयार झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड यांनी त्याची पाहणी केली. बांध केव्हा फुटेल याचा अंदाज बांधण्यात आला, खालच्या गावांपर्यंत तारेची व्यवस्था केली गेली आणि ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटून श्रीनगर गावाची मोठी हानी झाली तरी मनुष्यहानी अवघी पाच व्यक्तींची झाली. नोंद, निरीक्षण आणि इशारा ही साखळी पूर्ण झाली म्हणजे काय साधते, याचे हे सव्वाशे वर्षांहून जुने भारतीय उदाहरण आहे.

नैनितालनंतर १३४ वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. मृतांची अधिकृत संख्या पुन्हा १५१ हीच होती. हा केवळ योगायोग आहे. पण दोन्ही घटनांच्या नोंदींची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. नैनिताल हे आधीपासून दप्तरात असलेले ठिकाण होते. माळीण दप्तरात आले ते दुर्घटनेनंतर. सकाळच्या एस.टी. बसच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही आणि त्याच्याकडून बाहेर वार्ता पोहोचली, असे तेव्हाच्या वृत्तांत नमूद आहे. एका गावाच्या नाहीसे होण्याची पहिली नोंद बसचालकाच्या निरोपातून व्हावी, ही बाब आपल्या निरीक्षण व्यवस्थेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

३) महाराष्ट्रातील घटनाक्रम
माळीणपूर्वीही महाराष्ट्रात दरडींनी मोठी हानी केली होती. जुलै १९८९ मध्ये मावळातील भाजे गावावर दरड कोसळली. जुलै २००० मध्ये मुंबईत घाटकोपरच्या डोंगरउतारावरील झोपडवस्ती गाडली गेली. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना गाडी धडकून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. २५-२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीची आठवण मुंबईच्या पुरामुळे राहिली. सांताक्रूझ येथे २६ जुलैला ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. परंतु त्याच पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक लोक दगावले, याची आठवण तुलनेने कमी लोकांना आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक लोकांचा बळी गेला. त्याच सुमारास सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात पोसरे आणि पोलादपूर तालुक्यात सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. महाबळेश्वर येथे तेव्हा एका दिवसात सुमारे ५९४ मि.मी. पाऊस पडला होता. त्यानंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी. आणि माळीणच्या घटनेस बरोबर १० वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड येथे चूरलमला व मुंडक्कई परिसरात अडीचशेहून अधिक लोक दरडीखाली सापडले. सह्याद्रीचा हा सलग इतिहास आहे, परंतु तो राज्यवार व तालुकावार तुकड्यांत विखुरलेला आहे.

येथे आकडेवारीसंबंधी एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. इर्शाळवाडीची मृतसंख्या २७ लिहावी की ८४? सापडलेले मृतदेह मोजले तर पहिली संख्या बरोबर, बेपत्ता व्यक्ती मिळविल्या तर दुसरी. एखाद्या माहितीसंचात एका घटनेसाठी पहिली पद्धत व दुसऱ्या घटनेसाठी दुसरी पद्धत वापरली गेली तर तुलना निरर्थक ठरते. म्हणून 'मृत' व 'बेपत्ता' हे दोन स्तंभ वेगळे असणे आणि संख्या कोणत्या दिनांकाची आहे ते लिहिणे अपरिहार्य आहे. साधनाचा काळ सांगितल्याशिवाय पुरावा ग्राह्य धरू नये, हे इतिहासाच्या पहिल्या वर्गात आपण शिकवितो. येथेही नियम तोच आहे.

४) राष्ट्रीय माहितीसंचाची वाटचाल
ऑगस्ट १९९८ मध्ये पिथौरागढ जिल्ह्यातील मालपा येथे कैलास-मानसरोवर यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक लोक दरडीखाली गाडले गेले. त्यानंतर या विषयास राष्ट्रीय पातळीवर महत्त्व प्राप्त झाले. २००४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास भूस्खलन अभ्यासाची मध्यवर्ती संस्था म्हणून जबाबदारी देण्यात आली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने भूस्खलन व हिमस्खलन यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये भूस्खलन जोखीम व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले.

प्रत्यक्ष माहितीसंचाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपक्रम म्हणजे २०१४-१५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुरू केलेला राष्ट्रीय भूस्खलन प्रवणता नकाशांकन कार्यक्रम होय. देशातील सुमारे ४.२ लक्ष चौ.कि.मी. क्षेत्र (हिमाच्छादित प्रदेश वगळता भूभागाच्या सुमारे १२.६ टक्के) भूस्खलनप्रवण मानण्यात आले असून त्यांपैकी सुमारे ०.९ लक्ष चौ.कि.मी. पश्चिम घाट व कोकणच्या डोंगराळ भागात येते. या क्षेत्राचे १:५०,००० प्रमाणावर नकाशे तयार करण्यात आले आणि त्यासोबत हजारो भूस्खलनांची सूची बनली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूस्खलन मानचित्र-संग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० भूस्खलने उपग्रहचित्रांच्या साहाय्याने नोंदलेली आहेत. जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले आणि 'भूसंकेत' हे संकेतस्थळ व 'भूस्खलन' हे भ्रमणध्वनी ॲप उपलब्ध करून देण्यात आले. हे कार्य निःसंशय मोठे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

५) ठिकाण आणि तारीख यांची फारकत
या कार्यातील मूलभूत अडचण मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला चटकन उमगेल अशी आहे. उपग्रहचित्रावर डोंगराच्या उतारावरील ओरखडा दिसतो. त्याचे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी, दिशा अचूक मोजता येते. पण तो ओरखडा कोणत्या दिवशी पडला ते चित्र सांगत नाही. दोन चित्रांच्या दरम्यानच्या काळात पडला, एवढेच सांगता येते आणि ते अंतर कधी काही दिवसांचे तर कधी काही वर्षांचे असते. पावसाच्या चार महिन्यांत सह्याद्रीवर ढग असल्याने हे अंतर आणखी वाढते. शिवाय कोकणातील हिरवळ दोन-तीन पावसाळ्यांत असा ओरखडा झाकून टाकते.

याउलट वर्तमानपत्रातील बातमी, तलाठ्याचा पंचनामा किंवा पोलीस ठाण्यातील नोंद यांत तारीख निश्चित असते, अनेकदा वेळही असते, परंतु ठिकाण मोघम असते. 'घाटात दरड कोसळून वाहतूक ठप्प' या मथळ्यावरून दरड घाटाच्या कोणत्या वळणावर कोसळली ते कळत नाही. ठिकाण सांगण्याच्या भाषाही वेगवेगळ्या आहेत. महसूल खाते गावाचे नाव व गट क्रमांक लिहिते. रेल्वे आणि बांधकाम खाते किलोमीटरचा दगड लिहिते. उपग्रह अक्षांश-रेखांश लिहितो. गावकरी 'पिंपळाच्या वरच्या अंगाला' असे सांगतात. एकच दरड चार दप्तरांत चार नावांनी असू शकते आणि मोजणाऱ्याने काळजी न घेतल्यास ती चार वेळा मोजली जाते, किंवा एकदाही मोजली जात नाही.

तारखेला एवढे महत्त्व देण्याचे कारण व्यावहारिक आहे. किती पाऊस झाला असता दरड कोसळते, याची मर्यादा ठरविल्याशिवाय पूर्वसूचना देता येत नाही. ती मर्यादा ठरविण्यासाठी दरडीची तारीख आणि त्या दिवशीचा व आधीच्या दिवसांचा पाऊस यांची सांगड घालावी लागते. तारीख नसलेली हजार भूस्खलने नकाशा रंगविण्यास उपयोगी पडतात, परंतु आज रात्री गाव खाली करावे की नाही, हे सांगण्यास ती असमर्थ असतात. त्यासाठी तारखेसह मिळालेल्या शंभर नोंदी अधिक मोलाच्या ठरतात.

अन्य देशांनी ही उणीव ऐतिहासिक साधनांनी भरून काढली आहे. इटलीमध्ये १९८९-९० च्या सुमारास राष्ट्रीय संशोधन परिषदेने भूस्खलने व पूर यांनी बाधित क्षेत्रांची सूची करण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यासाठी १९१८ पासूनची स्थानिक वर्तमानपत्रे पद्धतशीरपणे वाचून काढली. त्या देशाच्या राष्ट्रीय सूचीत आज सहा लक्षांहून अधिक भूस्खलने आहेत. हाँगकाँगमध्ये १९७२ व १९७६ च्या दुर्घटनांनंतर १९७७ मध्ये स्वतंत्र तांत्रिक कार्यालय स्थापन झाले आणि तेथील सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांपैकी प्रत्येकास नोंदणी क्रमांक देण्यात आला. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संचातही जुने अहवाल व वृत्तपत्रे यांचा उपयोग केला जातो.

६) वगळले गेलेले
माहितीसंचात काय येत नाही, याचाही विचार करावयास हवा. आपत्तींच्या एका प्रसिद्ध जागतिक संचात घटना समाविष्ट होण्यासाठी किमान १० मृत्यू किंवा १०० बाधित व्यक्ती यांसारखे निकष आहेत. अशा चाळणीतून लहान दरडी गळून जातात. परंतु मोठ्या दरडीपूर्वी त्याच डोंगरावर लहान पडझड, नव्या भेगा, झऱ्यांचे बदललेले मार्ग, कलंडलेली झाडे अशी चिन्हे दिसू शकतात. लहान घटना वगळणे म्हणजे पूर्वसूचना वगळणेच होय.

दुसरी वगळणूक सामाजिक आहे. आपल्या प्रशासनाचे एकक 'महसुली गाव' हे आहे. डोंगरउतारावर राहणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी समाजांच्या वस्त्या अनेकदा वाड्या-पाड्यांच्या रूपाने महसुली गावाच्या पोटात गणल्या जातात. गाव सपाटीवर सुरक्षित असते आणि त्याचीच वाडी कड्याखाली असते. यादी गावांची असेल तर वाडीचा धोका गावाच्या सुरक्षिततेत झाकला जाण्याची शक्यता असते. इर्शाळवाडी यादीत नसण्याचे हेच एकमेव कारण होते असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु गावाऐवजी वस्ती हे एकक धरल्याखेरीज ही उणीव दूर होणार नाही, हे मात्र निश्चितपणे म्हणता येते. ज्यांची जमीन साऱ्यात नव्हती ते जुन्या दप्तरात आले नाहीत. ज्यांची वस्ती गाव नाही ते नव्या दप्तरात येत नाहीत. दप्तर बदलले तरी त्यातून सुटणारे लोक बदलले नाहीत, हा या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे.

७) मराठवाड्यातील दोन नोंदी
दरड हा कोकणाचा प्रश्न आहे, मराठवाड्याचा प्रश्न दुष्काळाचा आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो तपासण्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण कन्नड घाटाचे. औट्रम घाट या नावानेही ओळखला जाणारा हा घाट कन्नड व चाळीसगाव यांना जोडतो आणि सोलापूर-धुळे महामार्गावरील तो महत्त्वाचा टप्पा आहे. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत या घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या, वाहने अडकली आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. त्याच वेळी पायथ्याच्या चाळीसगावात पूर आला. जिल्ह्याची सीमा घाटातून जात असल्याने या एका रात्रीच्या घटनेचे कागद छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विभागले जाणे स्वाभाविक आहे. पाऊस एक, डोंगर एक, पण दप्तरे दोन. अशा घटनेची एकत्रित नोंद राष्ट्रीय संचात व्हावयाची तर कोणीतरी दोन्ही बाजूंचे कागद एका टेबलावर आणले पाहिजेत.

दुसरे उदाहरण पितळखोऱ्याचे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी कन्नडजवळच्या डोंगरात आहेत. प्रतिष्ठानच्या म्हणजे आजच्या पैठणच्या दात्यांचे लेख तेथे आहेत. या लेण्यांचे दर्शनी भाग मोठ्या प्रमाणावर कोसळलेले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने १९५० च्या दशकात तेथील राडारोडा दूर करण्यात आला, तेव्हा हत्तींची रांग, द्वारपाल आणि अनेक शिल्पे उजेडात आली. म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये त्यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. याच राड्यारोड्यात कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचा लेख असलेली यक्षमूर्ती मिळाली. कलेचा इतिहास लिहिताना आपण त्या मूर्तीकडे पाहतो, ती ज्या दगडांखाली सापडली त्या दगडांकडे पाहत नाही. वास्तविक तो ढीग हीसुद्धा ऐतिहासिक घटनेची साक्ष आहे. कडा कोसळला, ही ती घटना.

या घटनेची तारीख देता येत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. इतिहासात आपण वरची व खालची कालमर्यादा ठरवितो. लेणी खोदली गेल्यानंतर आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन व बर्जेस यांच्या लेणीविषयक ग्रंथापूर्वी बरीचशी पडझड झालेली होती, असे म्हणता येते. भिंतींवर इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची चित्रे आहेत, म्हणजे तेव्हा तेथे वावर होता. चित्रांचे अवशेष, शिलालेखांचा तुटलेला भाग आणि ढिगाऱ्यातील थर यांच्या आधारे ही मर्यादा आणखी जवळ आणता येईल. अजिंठ्यातही पहिल्या व दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांचे दर्शनी भाग पडलेले आहेत. बसाल्टचा कडा दोन हजार वर्षांत कोठे व कसा सुटतो, याचे मोजता येण्याजोगे पुरावे इतक्या विपुल प्रमाणात फार थोड्या प्रदेशांत असतील. मराठवाड्यातील लेणी ही त्या अर्थाने कड्यांच्या इतिहासाची शिलापत्रेच आहेत.

८) उपाययोजना व शिफारशी
उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.
१) प्रत्येक नोंदीत ठिकाण, तारीख, वेळ, प्रकार, आकार, कारण, मृत, बेपत्ता, नुकसान आणि साधन हे स्तंभ असावेत. त्यासोबत ठिकाण व तारीख किती विश्वसनीय आहे, ते सांगणारा स्तंभ स्वतंत्र असावा.
२) नोंदीचे एकक गाव नसून वस्ती असावी.
३) जिल्हा ग्रंथालये व वृत्तपत्र कार्यालये यांतील जुन्या अंकांचे जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरते वाचन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करावे. दैनिक 'मराठवाडा'सारख्या बंद पडलेल्या पत्रांचे अंक जीर्ण होत असल्याने त्यांस अग्रक्रम द्यावा.
४) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून डोंगराळ गावांतील वयोवृद्धांच्या आठवणी नोंदवाव्यात. लोक तारीख सांगत नाहीत, पण 'बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात', 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' असे सांगतात. त्यावरून तारखेपर्यंत पोहोचणे हे आपले काम आहे.
५) जमा झालेली माहिती भूगोल विभागाच्या साहाय्याने नकाशावर बसवून भूवैज्ञानिक सर्वेक्षण व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सुपूर्द करावी.
६) काहीच घडले नसल्यास 'नोंद आढळली नाही' असे लिहावे, 'धोका नाही' असे लिहू नये.

निष्कर्ष :
१) महाराष्ट्रातील दरडींच्या नोंदी महसूल, वाहतूक व मनुष्यहानी या तीन कारणांनी होत आल्या. या तिन्ही कारणांत न बसणाऱ्या घटना दप्तराबाहेर राहिल्या.
२) उपग्रहाधारित राष्ट्रीय संचाने ठिकाणांची उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली, परंतु तारखांची उणीव शिल्लक आहे व ती ऐतिहासिक साधनांनीच भरून निघू शकते.
३) वाड्या-पाड्यांची उपेक्षा ही जुन्या महसुली नोंदपद्धतीतून आलेली आहे.
४) मराठवाड्यातील घाटरस्ते व लेणी या अभ्यासासाठी महत्त्वाची व दुर्लक्षित साधने आहेत.

समारोप :
माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आणि २०१७ मध्ये ग्रामस्थ नव्या घरांत राहावयास गेले. जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्थळ आहे. गाव गेल्यानंतर स्मारक उभारणे हे आपले कर्तव्यच आहे. तथापि इतिहासाचे काम स्मारकापाशी संपत नाही. एखाद्या जुन्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींची बातमी, एखाद्या आजीच्या आठवणीतील पावसाळी रात्र, एखाद्या पंचनाम्यातील 'डोंगराचा भाग खचून' हे तीन शब्द, यांतून पुढच्या यादीत एका वाडीचे नाव चढू शकते. ते नाव वेळेवर चढले तर पुढे त्या वाडीचे स्मारक बांधण्याची वेळ येणार नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या या कार्यात इतिहास विभागांनी मागे राहू नये, एवढेच प्रस्तुत निबंधाच्या निमित्ताने सुचवावयाचे आहे.